लैंगिक कल : कारणविचार आणि महाराष्ट्र

लैंगिक कल : प्रेम, आसक्ती व कामेच्छा या बाबतींत एखाद्या व्यक्तीला पुरुषांविषयी, स्त्रियांविषयी किंवा दोहोंविषयी वाटणारी व दीर्घकाल टिकणारी ओढ म्हणजे तिचा लैंगिक कल होय. ही ओढ भिन्न लिंगाच्या व्यक्तीकडे असल्यास भिन्नलिंगी, समान लिंगाच्या व्यक्तीकडे असल्यास समलिंगी व दोन्हींकडे असल्यास उभयलिंगी कल असे म्हणतात. अशी ओढ मुळीच न जाणवणाऱ्या व्यक्तीही असतात. कल आणि वर्तन या गोष्टी मात्र भिन्न आहेत. तुरुंगात किंवा दीर्घ सागरी प्रवासात समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाचा कल भिन्नलिंगी असू शकतो. उलटपक्षी चार मुलांचा बाप असलेल्या संसारी गृहस्थाचा कल आयुष्यभर समलिंगी असू शकतो. त्याचप्रमाणे, आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत किंवा दोहोंहून वेगळे आहोत ही जाणीव म्हणजे लिंगभाव. तृतीयपंथी किंवा यल्लम्माचे जोगते यांचा विचार मुख्यतः लिंगभावाच्या अंगाने करावा लागतो. लोकव्यवहारात या सर्वांना एकाच नावाने संबोधण्याची पद्धत असल्यामुळे कलाच्या कारणांविषयीचा बराच वाद मुळातच भलत्या दिशेने गेलेला आहे.

मनुष्याचा कल कशामुळे ठरतो, हा प्रश्न आधुनिक वाटला तरी भारतीय वैद्यकात तो प्राचीन काळीच विचारला गेला होता. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या दोन्ही ग्रंथांच्या शारीरस्थानात, दुसऱ्या अध्यायात, त्याची चर्चा आढळते. सुश्रुताने आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक व षंढ असे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले चार शुक्रयुक्त असल्याचे म्हटले आहे. म्हणजे त्यांच्या शरीरात उणीव नसून कामवासना जागृत होण्याची रीत तेवढी निराळी आहे. आसेक्याचे कारण आईबापांच्या बीजाची अल्पता, तर षंढाचे कारण गर्भाधानसमयी स्त्री-पुरुषांच्या भूमिकांत झालेली अदलाबदल असे दिले आहे. चरकानेही द्विरेता, संस्कारवाही, वक्री, ईर्ष्याभिरती इ. आठ प्रकार सांगून त्यांचे मूळ बीजदोषात व गर्भावस्थेत शोधले आहे. ही कारणे आजच्या शास्त्राला मान्य नाहीत. तथापि कलाचे मूळ व्यक्तीच्या दुर्वर्तनात नसून जन्मापूर्वीच्या घडामोडींत आहे, ही या वैद्यकाची दिशा लक्षणीय आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात औपरिष्टकाच्या प्रकरणात तृतीया प्रकृतीचे वर्णन येते, ते मुख्यतः वर्तनाचे आहे. धर्मशास्त्राने कारणांची चिकित्सा केली नाही. मनुस्मृतीत पुरुषाशी समागम करणाऱ्या द्विजाला सांगितलेले प्रायश्चित्त हे कृत्याबद्दलचे आहे.

मंदिरांवरील मैथुनशिल्पांचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथील दैत्यसूदन या मध्ययुगीन विष्णुमंदिरावर अशी शिल्पे आहेत. त्यांवरून कामविषयाची चारचौघांत वाच्यता करणे त्या काळी निषिद्ध नव्हते एवढे म्हणता येते. मूर्तिकाराच्या किंवा भाविकांच्या कलाविषयी त्यांतून काही अनुमान काढणे युक्त नाही.

ब्रिटिश अमदानीत प्रश्नाचे स्वरूप पालटले. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने निसर्गक्रमाविरुद्धचा शरीरसंभोग हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला. या कलमाला कर्त्याचा स्वभाव कसा घडला याच्याशी कर्तव्य नव्हते. मात्र ‘निसर्गक्रम’ हा शब्द कायद्यात आल्यामुळे निसर्ग म्हणजे काय, हा पुढील दीडशे वर्षांच्या वादाचा मध्यवर्ती मुद्दा होऊन बसला.

त्याच सुमारास यूरोपात या विषयाच्या शास्त्रीय चर्चेस प्रारंभ झाला. कार्ल हाइन्रिख उल्रिक्स या जर्मन कायदेपंडिताने १८६४ पासून पुस्तिका लिहून समलिंगी ओढ जन्मजात असल्याचे प्रतिपादिले व १८६७ मध्ये म्यूनिक येथे जर्मन विधिज्ञांच्या परिषदेत तशी भूमिका उघडपणे मांडली. क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ञाने १८८६ च्या आपल्या ग्रंथात तिची गणना मज्जासंस्थेच्या अपकर्षात केली. हॅवलॉक एलिसने जे. ए. सिमंड्स याच्या सहकार्याने लिहिलेल्या ग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १८९७) अनेक व्यक्तींचे वृत्तांत देऊन हा कल रोगही नव्हे व गुन्हाही नव्हे, असा निष्कर्ष काढला. त्या ग्रंथाची विक्री केल्याबद्दल लंडनमध्ये १८९८ साली जॉर्ज बेडबरो याच्यावर खटला झाला. मॅग्नस हिर्शफेल्ड याने १९१९ मध्ये बर्लिनमध्ये लैंगिक शास्त्राची संस्था स्थापन केली व १९३१ मध्ये भारताचाही प्रवास केला. मे १९३३ मध्ये नाझींनी त्याची संस्था लुटून तिचे ग्रंथालय जाळले. फ्रॉइडचे मत या सर्वांहून वेगळे होते. सर्वांच्याच ठिकाणी मूलतः उभयलिंगी प्रवृत्ती असते आणि बालपणीच्या मनोविकासातून तिला वळण लागते, असे तो मानीत असे. त्याचा एक मुद्दा मात्र पुढील संशोधकांनीही पुष्कळदा दुर्लक्षिला : पुरुषाला केवळ स्त्रीचेच आकर्षण का वाटावे, हादेखील आपोआप उलगडणारा प्रश्न नसून त्याचेही स्पष्टीकरण द्यावे लागते, असे त्याने नमूद केले होते.

मराठीत हा विचार आणण्याचे श्रेय रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांच्याकडे जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हा प्रचार सोडावा की नोकरी, असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयाची प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सु. सव्वीस वर्षे, जवळजवळ एकहाती चालविले. त्यात संततिनियमन, गुप्तरोग, नग्नता, विवाहसंस्था इ. विषयांवर लेख येत. परंतु मासिकाचा खरा प्राण वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे हाच होता. आईबापांना, गुरुजींना किंवा गावातील वैद्याला जे विचारण्याची सोय नव्हती, ते लोक नाव न देता कर्व्यांना विचारीत. कर्वे त्यांना उपदेश न करता माहिती देत. उत्तरे थोडक्यात असत, आणि कधीकधी तुटकही.

या उत्तरांमुळेच कर्व्यांवर दुसरा खटला झाला. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१ च्या पहिल्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली, ती हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. आरोप अश्लीलतेचा होता. इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यात ठरलेली कसोटी त्या काळी भारतीय न्यायालये प्रमाण मानीत. ज्यांचे मन सहज बिघडू शकेल अशा वाचकांच्या हाती मजकूर पडल्यास त्यांच्यावर दुष्परिणाम होईल काय, एवढेच तीत पाहिले जाई. लेखकाचा हेतू शास्त्रीय आहे काय, या प्रश्नाला तीत फारसे स्थान नव्हते.

कर्व्यांची बाजू डॉ. भीमराव आंबेडकर यांनी मांडली. गोलमेज परिषदा व पुणे करार यांनंतरचा तो काळ होता. आंबेडकर देशपातळीवरील नेते झाले होते, आणि हे वकीलपत्र घेण्यात राजकीय लाभ कसलाही नव्हता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, असे मानता येणार नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. असले विकृत प्रश्न छापावेतच कशाला, अशी शंका न्यायासनाकडून आली, तेव्हा विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, प्रश्न दडपून नव्हे, असे उत्तर त्यांनी दिले. समलिंगी ओढीच्या बाबतीत त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला. अशी इच्छा काही व्यक्तींत निसर्गतःच असेल, तर तीत गैर काही नाही व आपापल्या रीतीने सुख मिळविण्याचा त्यांना अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या खटल्याचे महत्त्व निकालात नसून युक्तिवादाच्या बांधणीत आहे. तीत दोन निरनिराळी विधाने एकत्र गुंफलेली आहेत : एक, हा कल नैसर्गिक आहे, दोन, व्यक्तीला सुखाचा अधिकार आहे. पहिले विधान शास्त्राचे व दुसरे नीतीचे. पहिले खोटे ठरले तरी दुसरे उभे राहू शकते, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. ३७७ व्या कलमाची भाषाच निसर्गाची असल्याने बचावही निसर्गाच्या आधारे करणे भाग होते. त्याच वर्षी मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले यांनी मॅरेज हायजीन हे इंग्रजी नियतकालिक काढले. तज्ञांसाठी इंग्रजीत चालणाऱ्या चर्चेला जी मोकळीक होती, ती मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्या कर्व्यांना लाभली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मराठीत हा विषय मागे पडला. १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या मित्राची गोष्ट या नाटकातील नायिकेचा कल समलिंगी असून तिचा शेवट आत्महत्येत होतो; ती अशी का झाली यापेक्षा भोवतालचे लोक तिच्याशी कसे वागतात, यावर नाटकाचा भर आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत बॉम्बे दोस्त हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापून मराठीतून सातत्याने माहितीपर लेखन केले. कर्व्यांच्या पत्रोत्तरांचे काम एका अर्थाने येथे पुन्हा सुरू झाले.

दरम्यान शास्त्रीय विचार बराच पुढे गेला होता. ॲल्फ्रेड किन्सी याने १९४८ मध्ये सु. ५,३०० पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध करून कल हा दोन कप्प्यांत विभागलेला नसून शून्य ते सहा अशा श्रेणीत पसरलेला असतो, असे दाखविले. एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९५७ मध्ये समलिंगी व भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल नावे झाकून तज्ञांपुढे ठेवले. कोणता निकाल कोणाचा, हे तज्ञांना ओळखता आले नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये समलिंगी कल रोगांच्या यादीतून वगळला, तर जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी मान्य केलेल्या वर्गीकरणात तो वगळला.

कारणांचा शोध प्रामुख्याने जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून झाला. बेली व पिलार्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, एक भाऊ समलिंगी असल्यास दुसराही तसाच असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत शेकडा ५२, द्विबीज जुळ्यांत शेकडा २२ व दत्तक भावांत शेकडा ११ आढळले. आनुवंशिकतेचा वाटा यावरून उघड होतो. परंतु एकबीज जुळ्यांची आनुवंशिक द्रव्ये जवळजवळ तंतोतंत सारखी असूनही हे प्रमाण शंभर का नाही, हा प्रश्नही त्याच आकड्यांत दडलेला आहे. शिवाय ही पाहणी समलिंगी नियतकालिकांतील जाहिराती वाचून आलेल्यांची होती. स्वीडनमधील जुळ्यांच्या राष्ट्रीय नोंदणीवर आधारलेल्या नंतरच्या अभ्यासात (२०१०) आनुवंशिकतेचा वाटा पुरुषांत शेकडा ३४ ते ३९ व स्त्रियांत सु. १८ ते १९ एवढाच निघाला. १९९३ मध्ये डीन हेमर याने ४० समलिंगी भावांच्या जोड्यांपैकी ३३ जोड्यांत क्ष-गुणसूत्राच्या टोकाकडील एक भाग समान असल्याचे दाखविले, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘समलिंगी जनुक’ सापडल्याची हाकाटी केली. १९९९ मध्ये कॅनडातील पाहणीत त्याला पुष्टी मिळाली नाही. सायमन लव्हे याने १९९१ मध्ये मेंदूतील अधश्चेतकाच्या एका लहानशा केंद्रकात फरक असल्याचे नोंदविले. त्याने तपासलेल्या मेंदूंची संख्या ४१ होती व समलिंगी पुरुष एड्सने मरण पावलेले होते, त्यामुळे या निष्कर्षाबद्दल शंका घेतल्या गेल्या.

पावणेपाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात समलिंगी वर्तनाशी निगडित अशी पाच जनुकस्थाने मिळाली. त्यांचा प्रत्येकी परिणाम अत्यल्प होता. सर्व सामान्य जनुकभेद मिळून व्यक्तिव्यक्तींतील फरकाचा शेकडा ८ ते २५ भाग उलगडत होता. एका जनुकाने कल ठरत नाही व जनुके तपासून कोणाचा कल सांगता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. या अभ्यासातील व्यक्ती बहुतांशी यूरोपीय वंशाच्या होत्या आणि त्यात वर्तन मोजले होते, कल नव्हे, ही मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे.

जन्मपूर्व परिस्थितीविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा थोरल्या भावांच्या संख्येचा आहे. ब्लँचर्ड व बोगार्ट यांनी १९९६ मध्ये दाखविल्यानुसार, एकाच आईच्या पोटी आधी जन्मलेल्या प्रत्येक मुलगयामागे धाकट्याचा कल समलिंगी असण्याची शक्यता सु. एक-तृतीयांशाने वाढते. थोरल्या बहिणींचा असा परिणाम दिसत नाही. सावत्र वा दत्तक भावांबरोबर वाढल्यानेही तो होत नाही, हे बोगार्टने २००६ मध्ये सिद्ध केले. म्हणजे हा परिणाम घरातील सहवासाचा नसून गर्भाशयातील आहे. पुत्रगर्भाच्या विशिष्ट प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत असावीत, या तर्काला २०१८ मध्ये काही आधार मिळाला. मूळ प्रमाण शेकडा दोन धरले, तर चार थोरले भाऊ असलेल्यातही ते शेकडा सहाच्या आसपास जाते. म्हणजे अशा शंभरांतील चौऱ्याण्णवांचा कल भिन्नलिंगीच असतो. पाठोपाठ पाच-सहा मुलगे झालेली घरे मराठी मुलखात गेल्या पिढीपर्यंत सर्रास असत; त्या घरांतील शेंडेफळाच्या वाट्याला आलेले टोमणे आईच्या लाडावर ढकलले जात. आईचा अतिलाड किंवा बापाचा दुरावा ही कारणमीमांसा मनोविश्लेषकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली होती. बेल, वाइनबर्ग व हॅमरस्मिथ यांच्या १९८१ मधील विस्तृत पाहणीत तिला म्हणण्यासारखा आधार मिळाला नाही. वसतिगृहातील सहवास, चित्रपट, पाश्चात्त्य राहणी अथवा बालपणी झालेला अत्याचार यांमुळे कल ठरतो, हेही सिद्ध झालेले नाही. स्त्रियांच्या कलाविषयीचे संशोधन मुळातच अपुरे आहे आणि पुरुषांवरील निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कारणांविषयीच्या समजुतींचे परिणाम प्रत्यक्ष आयुष्यावर होतात. कल म्हणजे वाईट सवय, असे मानले की लग्न लावून देणे हा उपाय ठरतो. शेती व भावकी यांनी बांधलेल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात लग्न हा दोन कुटुंबांचा व्यवहार असतो; त्यात मुलाला वा मुलीला नकाराचे कारण सांगण्याची सोय बहुधा नसते, आणि लग्नाने कल न बदलल्याने दोन माणसांचे आयुष्य एकाच वेळी अडकते. मनोव्यापारांतील वेगळेपण म्हणजे बाहेरची बाधा, ही समजूतही जुनी आहे. याच जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानीबाबांच्या दर्ग्यावर, विशेषतः होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत, बाधित समजल्या जाणाऱ्या मनोरुग्णांना दूरदूरहून आणतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये महाराष्ट्रात गुन्हा आहे. तथापि दोष केवळ लोकसमजुतीचा नव्हे. १९७० व १९८० च्या दशकांत भारतीय मनोविकारतज्ञांनीही कल बदलण्यासाठी तिटकारा निर्माण करणारे वर्तनोपचार केले व त्यांचे वृत्तांत व्यावसायिक नियतकालिकांत छापले. अशा उपचारांनी कल बदलतो याला विश्वसनीय पुरावा नाही. नैराश्य व आत्मघाताचे विचार बळावल्याचे मात्र आढळले आहे. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये समलिंगी कल हा मनोविकार नसल्याचे जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल पालटण्याचे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांना ३७७ व्या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरविला व ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा तो मार्ग मोकळा केला. या पीठात न्या. अजय खानविलकर व न्या. धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायाधीश होते. न्यायालयाने लैंगिक कल हा व्यक्तित्वाचा अंगभूत भाग मानला. मात्र निकालाचा मुख्य आधार जीवशास्त्र नसून समता, प्रतिष्ठा व खाजगीपणा हे सांविधानिक हक्क होते. १९३४ च्या युक्तिवादातील दोन विधाने येथे वेगळी झाली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ व्या कलमाशी समांतर तरतूद ठेवलेली नाही. समलिंगी विवाहाच्या याचिकांवर १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. असा कल म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे खूळ आहे, हा केंद्र शासनाच्या बाजूने मांडलेला मुद्दा मात्र त्याच निकालात नाकारण्यात आला. असा कल शहरांइतकाच खेड्यांतही आढळतो, असे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले.